दोन हाका

(पिंगळी, रेल्वे ठेसनामागची झोपडी. १९७९च्या जानेवारीतला शनिवार, दुपार. दारापुढं एक हलका छकडा उभा. जुवाखाली लाल कंधारी बैलांची जोडी, शिंगांना ताजं तेल.)

दत्तराव: ...तर माझं म्हणणं इतकंच हाय, आश्रुबा, की उद्या आईतवार, अन् उद्या पेडगावचा शंकरपट. दुसरं काय बी मागाय आलो न्हाई मी. सकाळी निघायचं, एक दौड मारायची, दिवस मावळायच्या आत तुला इथं दारात आणून सोडतो. तुझा मालक हाय मी, काय सावकार न्हाई.

आश्रुबा: कामाला खाडा व्हतो मालक.

दत्तराव: आईतवारी कसलं आलंय काम?

आश्रुबा: खडी फोडायलो. रेल्वेच्या गुत्तेदाराकडं. त्येला आईतवार न्हाई.

दत्तराव: खडी? आरं बाप्पा! आख्ख्या परभणी जिल्ह्यात तुझ्यावाणी धुरकरी न्हाई, अन् तू खडी फोडायलास? पाथरीच्या पटात लोक माझ्या बैलांकडं बघत नव्हते, छकड्यावर कासरा धरून उभा असलेल्या तुझ्याकडं बघत व्हते. घड्याळवाला मला म्हणला, दत्तराव, तुमच्या धुरकऱ्याच्या हातात चाबूक दिसना? म्या म्हणलं, चाबूक लागतो त्येच्या घशात हाय. नुसत्या आवाजावर पळतेत माझे बैल!

आश्रुबा: खडीचं बरं हाय. दगडाला हाक मारावी लागत न्हाई.

सरजाबाई: बसा की मालक. बाज हाय, बसा. उभ्या-उभ्या किती बोलता?

दत्तराव: बसतो, सरजाबाई. तूच सांग तुझ्या नवऱ्याला. तुझं ऐकतो त्यो.

सरजाबाई: माझं? पाच म्हयन्यांत धा शब्द बोलले असतील माझ्याशी. त्यात बी पाच डाव 'हां' अन् पाच डाव 'न्हाई'. आज तुमच्याशी लय बोलायलेत. मी चूल सोडून ऐकायले.

दत्तराव: मंग हे बघ, लाज सोडून सांगतो. तुला न इचारता दोन पट करून बसलो मी. तुझ्या जागी त्या सूर्यभानला उभा केला. म्हणलं, जोडी तर तयार हाय, कासराच धरायचाय. झेंडी पडली. भुजंगानं नेहमीपरमाणं बैलांची वेसण सोडली, 'सुटलीऽऽ' म्हणून हाक टाकली, अन् बाजूला उडी मारली. पलीकडची जोडी धूळ उडवत गेली. आपली उभीच!

आश्रुबा: उभी?

दत्तराव: कान टवकारून उभी! लोक खदाखदा हसायले. कुणीतरी वरडलं, आवो, बैलांना पत्रिका पाठवा! सूर्यभाननं जू हलवून बघितलं, शेपूट पिरगाळलं, मंग कासऱ्याचा शेव हाणला. तर बादल्या खालीच बसला. पाच वर्षं पटात नाव काढलेला बैल, कीर्तनाला बसल्यावाणी बसला रे मधोमध.

आश्रुबा: किती हाणलं?

दत्तराव: दोनच. तिसऱ्याला म्या हात धरला त्येचा.

आश्रुबा: बादल्याला हाणायचं न्हाई. त्यो मार खाल्लेला बैल न्हाई.

दत्तराव: ते मला सांगतूस?

आश्रुबा: त्येची चूक न्हाई मालक. भुजंगाच्या हाकेला ते ताठ व्हतेत. निघतेत माझ्या हाकेला. दोन हाका हायत. पहिलीला अंग आवळायचं, दुसरीला सुटायचं. वासरं व्हते तव्हापून तसंच शिकवलं म्या. दुसरी आलीच न्हाई तर ते कसे निघतील?

दत्तराव: मंग तेच म्हणायलो ना मी! दुसरी हाक तुझ्याजवळ हाय. ती घेऊन चल. रुसवा किती धरायचा माणसानं? भुजंगा बी परवा म्हणला, काका, आश्रुबाबिगर ही जोडी म्हंजे नांगराचे बैल.

सरजाबाई: भुजंगराव असं म्हणले?

दत्तराव: म्हणला की. पुतण्या हाय माझा, मला माहीत हाय त्यो. जरा उनाड हाय. पर मनात काय नसतंय त्येच्या.

सरजाबाई: मनात नसंल. हातात व्हता. घासलेटाचा डबा.

दत्तराव: सरजाबाई...

सरजाबाई: म्या बघितला. काय खोटं बोलायले का?

दत्तराव: ते श्रावणातलं वारंच तसं व्हतं. विद्यापीठाच्या नावापायी सगळा मराठवाडा पेटला. एकट्या आपल्या गावात झालं का? बाहेरून माणसं आली व्हती त्या दिवशी, टरकातून.

सरजाबाई: बाहेरच्या माणसाला आमचं घर कोणतं, ते कसं कळलं मालक? दारावर पाटी व्हती का आमच्या?

आश्रुबा: सरजे, राहू दे. चहाचं पाणी ठिव.

सरजाबाई: ठिवते. मालक, चहा घ्याल ना इथं? का पटावरच्यावाणी तुमचा कप वायला अन् यांचा वायला?

दत्तराव: आता ते काढू नको, बाई. म्या कव्हा दुजाभाव केला? इचार त्येला. पाथरीला एका छकड्याखाली निजलो आमी. थंडी मरणाची, कांबळं एकच. अर्धं त्येला, अर्धं मला. हाय का न्हाई, आश्रुबा?

आश्रुबा: हाय.

दत्तराव: अन् सकाळी जिंकलो! काय दिवस व्हता! हलगी काय, गुलाल काय! मला फेटा बांधला तव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्या म्हणलं, ह्यो फेटा माझा न्हाई, आश्रुबाचा हाय.

आश्रुबा: म्हणलात.

दत्तराव: मंग?

आश्रुबा: काय न्हाई. बांधला तुमाला.

दत्तराव: आरं, पटाचा रिवाजच हाय त्यो. फेटा मालकाला, नारळ धुरकऱ्याला. नारळ तुलाच दिला ना देवळापुढं?

आश्रुबा: दिला. पायरीच्या खाली उभा व्हतो, वरून दिला.

दत्तराव: त्येचा राग धरून बसलास व्हय?

आश्रुबा: न्हाई मालक. तव्हा बी आला न्हाई, आता बी न्हाई. तुमी इचारलं म्हणून आठवलं. मला कशाचाच राग येईना झालाय. सरजा म्हणती, रडा जरा. ते बी येईना.

दत्तराव: मोठ्या मनाचा हायस. मला ठावं हाय. अन् म्हातारी कुठाय? चांगुणाबाई? तिच्या हातची गुळ-भाकर खाल्ल्याबिगर बादल्या पटाला निघत नव्हता. ये म्हणावं, बैल आलेत भेटायला.

आश्रुबा: आई न्हाई.

दत्तराव: कुणाकडं गेली, लेकीकडं?

सरजाबाई: मार्गशीर्षात वारल्या.

दत्तराव: आं? आगं माय! कशानं? मला खबर न्हाई कुणाची!

आश्रुबा: कशानं न्हाई. जेवायची बंद झाली. कपाळावर, हातावर भाजलेलं व्हतं, पर ते बरं झालतं. डाकदर म्हणला, हिला काय झालेलं न्हाई.

दत्तराव: मला कळवायचं तरी...

सरजाबाई: पेडगावच्या बाजारात माझ्या भावानं सांगितलं व्हतं तुमच्या सालगड्याला. मालकाला सांगतो म्हणला.

दत्तराव: सांगितलं असंल. कामाच्या घाईत... सांगितलं असंल त्येनं.

आश्रुबा: चालतंय मालक.

दत्तराव: चालतंय कसं? शिवी दे मला. तुझ्या जागी मी असतो तर दोन शिव्या हासडल्या असत्या. असा मुक्यावाणी बसू नको. मंग उद्या यायचं का न्हाई, एकदाच सांग.

आश्रुबा: हाक येत न्हाई मालक.

दत्तराव: म्हंजे?

आश्रुबा: घसा धड हाय. बोलायलो की तुमच्याशी. पर हाक येत न्हाई. मालगाडी जाती तव्हा रुळाच्या कडंला उभा राहून बघितलं. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाई म्हणून. तोंड उघडतो, छाती भरतो, अन् नुसती हवा निघती. दोन-चार डाव बघितलं. मंग सोडून दिलं.

सरजाबाई: हे मला बी नव्हतं सांगितलं तुमी.

आश्रुबा: सांगून काय करायचं? मालक, पटावर भुजंगा बैलांची वेसण धरून माझ्याकडं तोंड करून उभा राहतो. त्येच्या तोंडाकडं बघितल्याबिगर मला कळत न्हाई, कव्हा सोडणार ते. पाच वर्षं दर आईतवारी त्येच्या तोंडाकडं बघितलं म्या. बायकोच्या तोंडाकडं बघितलं नसंल इतकं.

दत्तराव: त्येला बदलू. दुसरा कुणी उभा करू.

आश्रुबा: त्येच्याबद्दल न्हाई बोलायलो. त्या दिवशी काय झालं ते सांगायलो. गलका आला तव्हा दाराला आतून आडसर लावला म्या. आई, सरजा, मी, तिघं आत. बाहेर माणसं जमलेली, पर पुढं कुणी येईना. दार बी पक्कं व्हतं. बाभळीचं. तेवढ्यात भुजंगाची हाक आली. 'सुटलीऽऽ.'

दत्तराव: त्येनं ती हाक टाकली?

आश्रुबा: तीच. पटावरची. अन् म्या आडसर काढला.

दत्तराव: आरं, कामून?

आश्रुबा: अंगाला सवय. ती हाक आली की पुढं जायाचं, इतकंच ठावं अंगाला. अन् डोक्यात आलं, आपला माणूस आला, आता भ्याव न्हाई. म्या माझ्या हातानं दार उघडलं मालक. त्यांनी मोडलं न्हाई.

सरजाबाई: पुरं करा आता. चहा उतू जायलाय.

दत्तराव: मला ठावं नव्हतं रे हे. शपथ घेऊन सांगतो, भुजंगा जातोय हे सुदिक ठावं नव्हतं.

आश्रुबा: तुमी कुटं व्हता?

दत्तराव: मी?

आश्रुबा: त्या दिवशी.

दत्तराव: गोठ्यात व्हतो. बैलांजवळ. पटाचा बैल एकदा बुजला की कामातून गेला, हे तूच शिकवलंस मला. पोती भिजवून दोघांच्या तोंडांवर टाकली, धूर नको लागाय म्हणून. अन् कान दाबून धरले. एक हात बादल्याच्या कानावर, एक हौश्याच्या. दुसरं काय करणार व्हतो मी? शंभर माणसं व्हती.

आश्रुबा: बरोबर हाय.

दत्तराव: भुजंगाची हाक आली तसा बादल्या पोत्याखाली ताठ झाला. मला वाटलं...

आश्रुबा: मंग माझी आली का?

दत्तराव: काय?

आश्रुबा: दुसरी हाक. म्या मारली व्हती. आई आत राहिली व्हती, वरून आढं पेटलेलं, तव्हा. पटावर मारतो त्येच्या दुप्पट मोठ्यांदा. बैलांना न्हाई मारली. 'मालकऽऽ' म्हणून मारली. तुमचा गोठा आमच्या दारापून लांब न्हाई.

दत्तराव: आश्रुबा...

आश्रुबा: मी आईला म्हणायचो, मालकाला ऐकू गेलं नसंल, वारं उलटं व्हतं. ती म्हणायची, वारं व्हतंच कुटं त्या दिवशी?

सरजाबाई: मरूस्तर तेवढंच इचारत व्हत्या. ताट पुढं ठिवलं की इचारायच्या, ऐकू गेलं असंल का गं?

आश्रुबा: गेलं व्हतं का मालक?

सरजाबाई: सांगा की. तेवढं एक सांगा.

दत्तराव: बैल दावं तोडायला लागले रे. तुझ्या हाकेला. दोघं बी. कान दाबले व्हते तरी. पोती फेकली, खुंटा हलवला. मला आवरंनात. मी... मी वेसणीला लोंबकाळलो त्यांच्या. धरून ठिवलं. हाताची कातडी गेली माझी. ह्ये बघ, वण हाय अजून.

आश्रुबा: म्हंजे बैल निघाले व्हते.

दत्तराव: निघाले व्हते.

आश्रुबा: बरं झालं, कळलं.

दत्तराव: मला माफ कर. मी भ्यालो. बैलाचं निमित्त केलं, खरं तर मीच भ्यालो. भर पटात सांगतो उद्या, सगळ्यांपुढं, फेटा काढून तुझ्या...

आश्रुबा: नका मालक. तुमी सांगताल, लोक ऐकतील, मंग म्हणतील, आता बस म्हणावं छकड्यावर. उद्या मी येत न्हाई. पुढच्या आईतवारी बी न्हाई. अन् यांना पटाला नेऊ नका आता. उगंच उभे राहतेत बिचारे.

दत्तराव: मंग करू काय यांचं?

आश्रुबा: नांगराला जुपा. नांगराला हाक लागत न्हाई. सरजे, भाकर हाय का गं?

सरजाबाई: दीड हाय. गूळ बी हाय थोडा. थांबा, आत्याबाई द्यायच्या तशी कुस्करून देते.

दत्तराव: मी धरतो त्यांना. उन्हानं तापलेत, एखादा डाव शिंग मारतील.

आश्रुबा: वेसण सोडा मालक. आता सोडली तरी कुटं जात न्हाईत ते.