नेवसेंचा नमस्कार

दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक आजी आजोबांना पेपर वाचून दाखवत होत्या.

"अहो, तुमचे पर्वतीवाले नेवसे गेले. फोटो आलाय."

"काय सांगतेस! देवमाणूस होता."

"ऐका. 'अत्यंत तापट स्वभावाचे मच्छिंद्र नेवसे गेल्या दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यावर सर्वांशी प्रेमाने वागू लागले होते.'"

"घरच्यांनीच लिहिलेलं दिसतंय."

"दिवाळीपासून अंथरुणावर? तुम्ही तर रोज पहाटे त्यांच्याबरोबर पर्वती चढता."

"रोज नाही गं. अधूनमधून यायचे."

"काल त्यांनी मला नमस्कार सांगितला म्हणालात."

"सांगितला की. काल जरा बरं वाटत होतं त्यांना, म्हणून आले होते."

"असं? उद्या त्यांचा दहावा आहे."