तोंड दाखव, मंग वर्गात जाय

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच पंजाबराव पाटील, व्यासपीठावर विराजमान शाळा समितीचे सभासद, कामरगावहून मुद्दाम आलेले शिक्षकबंधू, ओसरीत आणि कडुनिंबाखाली दाटीवाटीनं बसलेल्या माता-भगिनी, पालक, माझ्या विद्यार्थ्यांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती केशरबाई इंगोले.

केशरबाई, पदर सारखा करू नका, हार नीटच बसलाय. आज तुम्हाला अर्धा तास तरी खुर्चीवर बसावं लागणार आहे. सहा वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही या शाळेत बसलेल्या दिसताय.

मंडळी, केशरबाईंनी शाळेत काय केलं, असं कुणी विचारलं तर कागदावर एकच ओळ येईल: मुलांना सुकडी वाटली. दुष्काळाचं वर्ष आपण कुणी विसरलेलो नाही. सरकारनं धाडलेल्या त्या गोड पिठानं, सुकडीनं, आपली लेकरं तगली. पुढे पोरांचे दात किडले, त्यात दोष सुकडीचा नव्हताच. दोष कुणाचा होता, तेच सांगायला मी उभा आहे. अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे पाहू नका, सांगतोच.

मला शिस्तीचं वेड. घास बत्तीस वेळा चावावा, घाईनं गिळू नये, हा धडा मी पहिलीपासून पाठ करून घेत असे. आपली मुलं हुशार. त्यांनी सुकडीला पाण्याचा हात लावायचा, लाडू वळायचा आणि गालात धरून वर्गात यायचं. तो लाडू चार वाजेपर्यंत पुरायचा! घरून आणलेली भाकरी तशीच फडक्यात बांधलेली. मधल्या सुट्टीनंतर माझा वर्ग इतका शांत, की तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. तोंडात लाडू असलेलं पोर बोलणार तरी कसं? हा प्रश्न ना साहेबांना पडला, ना मला.

पडला तो केशरबाईंना. त्या दारात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, पोट्टे चावून नाई राह्यले, चोखून राह्यले. दात सडून राह्यले त्याइचे. आन् बत्तीस येळा चावाले तोंडात बत्तीस दात तं पायजेत!"

मुलं हसली. मला राग आला. तुमचं काम सुकडी वाटायचं, शिकवायचं माझं, असं मी त्यांना सुनावलं.

पुढच्याच आठवड्यात दुसरीतली गंगू तीन दिवस धडा वाचेना. मी तिला हट्टी ठरवून भिंतीशी उभी केली. केशरबाई सरळ वर्गात शिरल्या, तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "पाहा." गाल सुजलेला. आत तीन दाढा काळ्या पडलेल्या, आणि त्यांच्याशेजारी सुकडीचा लाडू. मी ओरडलो, थुंकलीस का नाहीस? पोर रडत म्हणाली, "गुरुजी, तुमीच सांगतलं, लवकर गिळाचं नाई म्हनून."

आता तुम्हाला वाटेल, गुरुजींचे डोळे उघडले. नाही हो! गुरुजींचा अपमान झाला. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला: केशरबाई वर्गात ढवळाढवळ करतात, त्यांना कामावरून काढावं. विधवा बाई, घरी दोन लेकरं. हे सगळं मला माहीत होतं, तरी लिहिला. तो मी त्यांना वाचूनही दाखवला. त्या म्हणाल्या, "धाडा गुरुजी. जोवर काढत नाई, तोवर मी दारातच उभी राहीन."

आणि राहिल्या. सुकडी समोर बसवून खाऊ घालायची, मग चूळ, मग घरची भाकरी, शेवटी मूठभर फुटाणे नाहीतर मुळा. घराघरांत जाऊन मुळे-गाजरं मागून आणायच्या. सुट्टी संपली की दारात एकच हुकूम: "आ कर. तोंड दाखव, मंग वर्गात जाय." माझ्याच वर्गाच्या दारात! माझा वर्ग पुन्हा गोंगाट करू लागला. अर्ज मात्र कुठल्या टेबलावर झोपला कोण जाणे, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. सरकारी दिरंगाईचे आभार मानणारा मी पहिलाच मुख्याध्यापक असेन.

दोन वर्षांनी अकोल्याहून दातांचे डॉक्टर आले. चौथीतली चौतीस मुलं तपासली, एकोणतीस जणांचे दात किडलेले. ती माझ्या बत्तीस वेळा चावायच्या धड्यातली मुलं. मग पहिलीतली अडतीस तपासली, पहिल्या दिवसापासून केशरबाईंना तोंड दाखवून वर्गात येणारी. किडके दात फक्त दोघांचे! डॉक्टरांना खरं वाटेना, त्यांनी पहिली पुन्हा रांगेत उभी केली. आकडा तोच. मंडळी, वाजवा टाळ्या! अहो, जोरात! ही छत्तीस तोंडं या बाईंनी एकटीनं राखली.

डॉक्टरांनी विचारलं, हे इथं कुणी केलं? केशरबाई तेव्हा विहिरीवर भांडी घासत होत्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. महिन्याभरानं प्रशस्तिपत्र आलं, "मुख्याध्यापक, माणिकराव ठाकरे". गेली दोन वर्षं ते माझ्या खुर्चीमागे टांगलेलं तुम्ही सर्वांनी पाहिलंय. केशरबाई रोज त्याची धूळ पुसत होत्या.

ते आज मी खिळ्यावरून काढून आणलंय. माझं नाव खोडलंय, त्याखाली केशरबाई इंगोले असं लिहिलंय आणि शाळेचा शिक्का मारलाय. मला तो अधिकार नाही, हे समितीनं ध्यानात घ्यावं आणि योग्य ती कारवाई करावी.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण केशरबाई, तुम्ही घालू नका. तुमच्याविरुद्ध मी अर्ज लिहिला आणि तुमचा मान स्वतःच्या नावावर ठेवला. त्याची माफी मी या साऱ्या गावासमोर उभा राहून मागतो.

आणि सोमवारी मधली सुट्टी संपली की मुलांनो, तोंड दाखवायला माझ्याकडे यायचं. दारात मी उभा असेन.