लेझरआधीचा शेवटचा प्रश्न

बिश्केकमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात झिपार थेंब घालून, डोळे मिटून बसली होती. शेजारी एक नवरा-बायको कुजबुजत होते.

“रविवारी उलाक खेळणार, घोड्यावर बसून मेलेल्या बोकडासाठी झोंबाझोंबी करणार, हे डॉक्टरांना सांगितलंस?”

“हळू बोल गं. कचेरीत काम करतो म्हणालो.”

“अरे, कुणाचं कोपर डोळ्यावर बसलं तर? लेझरनं कापलेला बुबुळावरचा पापुद्रा सरकतो म्हणे!”

“सांगितलं तर चष्मा घालवायचं ऑपरेशन पापुद्रा न कापता करतील. मग नीट दिसायलाच कितीतरी दिवस जातात. रविवारी बाबांच्या घोड्यावर कोण बसणार, तू?”

“तुझा डोळा गेल्यावर मीच बसेन!”

“तालाय, शेवटचं विचारते,” नर्सचा आवाज आला. “धक्काबुक्कीचे खेळ खेळता?”

“छे, छे!”

“सिस्टर,” बायको म्हणाली, “याचं मोडलेलं नाक बघा आणि परत विचारा.”