जवळपास म्हणजे किती?

भाऊ : ताई, सगळ्या चाचण्या पास! सकाळी तीन नापास होत्या, आता औषधाच्या पंपाचं सॉफ्टवेअर तयार.

ताई : कोडमध्ये काय बदललंस?

भाऊ : कोडला हातही लावला नाही. चाचणीत उत्तर ‘अगदी सारखं’ हवं होतं, त्याच्या जागी ‘जवळपास सारखं’ केलं. कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ मिळवतो आणि ०.३च्या मागे पार लांब कुठेतरी एक चार चिकटवतो. त्या शेपटापायी नापास करायचं?

ताई : ते बरोबरच केलंस. पण जवळपास म्हणजे किती?

भाऊ : एक शतांश मिली.

ताई : हा आकडा कुठून आणलास?

भाऊ : त्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास.

ताई : वा! पन्नास किलोच्या माणसाला तासाला पाच मिली औषध. त्यात एक शतांश कुणाच्या खिजगणतीत नाही. आणि पाऊण किलोच्या बाळाला?

भाऊ : ०.०७५... बाप रे. तिथे शतांश म्हणजे सातवा-आठवा हिस्सा!

ताई : म्हणून सूट डोसच्या मानानं द्यायची. डोसचा हजारावा हिस्सा ठेव. चालव.

भाऊ : दोन पास, एक नापास. पाऊण किलोचं बाळ. हवं ०.०७५, येतंय ०.०८. ताई, हे शेपूट नाही गं.

ताई : नाहीच. वजन एका दशांश स्थळापर्यंतच धरलं जातंय. बाळ साडेसातशे ग्रॅमचं, पंप धरतोय आठशे.

भाऊ : आणि पंप न्यायला हॉस्पिटलच्या डॉक्टर बाहेर येऊन बसल्यात! आज फक्त मोठ्यांचे डोस दाखवूया का?

ताई : आत बोलाव त्यांना.

(डॉक्टर आत येतात.)

ताई : डॉक्टर, पंप आज देत नाही. छोट्या बाळांच्या डोसमध्ये चूक सापडलीय.

डॉक्टर : केवढी?

ताई : पंधरावा हिस्सा जास्त. कारण कळलंय, तासाभरात दुरुस्त होईल. पण हिशेबात किती फरक चालेल, हे तुम्ही ठरवा. आम्ही हजारावा हिस्सा धरलाय.

डॉक्टर : तेवढं तर आम्हाला सिरिंजनंही मोजता येत नाही. तोच ठेवा.

ताई : मग आज सगळी वजनं पुन्हा तपासतो. पंप उद्या न्या.

डॉक्टर : नेते. पण पहिलं वजन माझ्याकडून घ्या. सहाशे चाळीस ग्रॅम.

भाऊ : एवढंसं बाळ?

डॉक्टर : हो. पण बोट धरलं की सोडत नाही.