बहिष्काराची खरी हकीकत

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, समोर बसलेले माझे वडील अण्णा आणि इस्लामपूरच्या बंधुभगिनींनो,

बेचाळीसच्या चळवळीत परीक्षेवर बहिष्कार टाकून भूमिगत झालेला विद्यार्थी म्हणून आज आपण माझा सत्कार केलात. आता स्वराज्यही आलं. दोन शब्द बोलून मी खाली बसावं, अशी रीत आहे. पण मला बसवत नाही.

तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. अण्णांचं दर आठवड्याला कार्ड यायचं, 'घरातला पहिला बी.ए. तू.' ते वाचलं की पुस्तक उघडायचीच धास्ती वाटायची. परीक्षेचा फॉर्म तीन आठवडे ट्रंकेत पडून होता. आधी थोडं वाचू, मग भरू. सोमवारी भरू. अखेर मुदत टळली. हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? मग खादीची टोपी घातली, गावी आलो आणि म्हणालो, सरकारच्या परीक्षेवर मी बहिष्कार टाकलाय.

अण्णा, उठू नका. हात जोडतो, एवढं ऐकून घ्या.

अण्णांनी ते गावभर अभिमानानं सांगितलं. मग ते सोंग टिकवायला मला लपणं भागच पडलं. या समोर बसलेल्या, आपल्याच गावच्या धोंडुबाईंनी आपल्या उसात मला महिनाभर ठेवलं, रोज भाकरी आणून दिली. एके दिवशी पोलीस आले. त्या म्हणाल्या, "हितं कोन बी न्हाई." त्यांच्या हातावर लाठ्या बसल्या. तो हात अजून सरळ होत नाही. मघाशी त्याच हातानं त्यांनी मला ही शाल पांघरली.

पोलीस दुसऱ्याच कुणाला शोधत होते. माझ्या नावाचं वॉरंट कधी निघालंच नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं. मी उसाच्या चार सऱ्या पलीकडे बसून धोंडुबाईंचं ओरडणं ऐकत होतो. मी नुसता बाहेर आलो असतो, तरी त्यांना हवा असलेला माणूस मी नव्हे हे दिसून मार थांबला असता. आता उठतो, आता उठतो, असं मनाशी म्हणत राहिलो. पोलीस निघून गेले.

धोंडुबाई खालून काही विचारताहेत. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. त्या म्हणतात, "मग माजा हात कशापायी मोडला रं, गंगाधरा?"



अध्यक्षमहाराज, ही शाल टेबलावर ठेवतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. धोंडुबाईंची माफी मात्र मला इतक्या उंचावरून मागता येत नाही. मी खाली येतो.