थांबलेल्याच्या हातातलं लॉक

— अगं, परत दाबून बघ. जरा जोरात.

— जोरात दाबून काय होणार, मामा? टाइपरायटर आहे का तो?

— ऑफिसात सर म्हण.

— सर, मशीनचा गाभा, कर्नेलच कोलमडलं, डीबगर उघडला, आत काय झालं ते विचारायची सोय झाली. पण कीबोर्डवरून एक अक्षर जात नाही.

— नेमकं आज! इतके महिने गिऱ्हाइकांकडे होणारा बिघाड पहिल्यांदाच आपल्या टेबलावर सापडला, आणि हा मुका. काय करून ठेवलंस तू कीबोर्डच्या कोडमध्ये?

— मी त्याचं लॉक काढलं होतं, फक्त डीबगरपुरतं. सकाळी बघते तर कुणीतरी परत घातलेलं.

— कुणीतरी कशाला, मीच घातलं. लॉक घेतल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. मशीनमधले दोन प्रोसेसर एकदम वाचायला लागले तर अक्षरांची नुसती सरमिसळ.

— दुसरा आहे कोण? डीबगर उघडला की बाकीचे प्रोसेसर जागच्या जागी थांबतात. लॉक त्यांच्यातल्याच एकाच्या हातात राहिलंय. डीबगरने सोडल्याशिवाय तो हलणार नाही, आणि त्याने लॉक सोडल्याशिवाय डीबगरला कीबोर्ड नाही.

— नियम म्हणजे नियम.

— न्हाणीघरात आतून कडी लावून कुणी बेशुद्ध पडलं, तर तुम्ही टॉवेल घेऊन बाहेर रांगेत उभे राहाल?

— आणि एकदा दार फोडलं की उद्यापासून सगळे फोडतील!

— डीबगरमधून बाहेर पडलं की लॉक पुन्हा लागू होतं. ते लिहिलंय मी. तुम्ही वाचलंच नाहीत.

— फार जीभ चालायला लागली तुझी. संध्याकाळी गिऱ्हाइकांना जाणाऱ्या आवृत्तीत लॉक राहणार, आणि खाली तुझी सही लागणार.

— नाही करणार.

— मग कर्नेलच्या कामातून बाहेर हो. ताईला मी सांगतो, काय सांगायचं ते.

— आईला सांगा, अख्ख्या आजोळाला सांगा. सही मिळणार नाही.

— एवढा ताठा आला कुठून?

— आईकडून तर नाही आला. तिच्या भावाकडून असेल.

(कळा पुन्हा दाबल्याचा आवाज. मशीनचा पंखा फिरतोच आहे.)

— बंद करून चालू केलं तर?

— मशीन चालू होईल. बिघाडाचा माग पुसला जाईल.

— दुसरा इलाज?

— ह्या मशीनला नाही.

— कर मग बंद.

— मी नाही. लॉक तुम्ही घातलंत, बटणही तुम्हीच दाबा.

(बटणाचा आवाज. पंखा थांबतो.)

— गेलं?

— गेलं.

— ...खुर्ची ओढ इकडे, माझ्या स्क्रीनपाशी. कुठल्या ओळी होत्या तुझ्या, मामाला दाखव.

— ऑफिसात मामा नाही, सर. ह्या बघा, इथून.