लंगडा राक्षस

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे शिंप्याचा नंबर पुढचाच होता. शेजारच्या बाकावर एक निवृत्त नर्स आणि कॉम्प्युटर गेम बनवणारी तिची भाची यांची चांगलीच जुंपली होती.

“मावशी, पंधरा दिवस खेळतेयस आणि अजून पहिल्याच पातळीवर?”

“अगं, गावभर औषधं पोचवली, दोन भावांचं भांडण मिटवलं. तरी तुझा गेम म्हणतो, अनुभव शून्य!”

“अनुभव लढाईत मिळतो. एकाला तरी मारायचंस.”

“तीस वर्षं वॉर्डात काढली. तिथं कुणाला न मारताच शिकले.”

“लढाई काढली तर उरेल काय? उद्या कंपनीला दाखवायचाय. नाही आवडला, तर वर्षभराची मेहनत पाण्यात.”

“बरं, तो वेशीवरचा राक्षस लंगडतो का?”

“तुझ्यासारख्या नवख्यांना मारायला सोपा जावा म्हणून.”

“आणि मी वेडी पट्टी बांधायचं बटण शोधत बसले! झालंय काय त्याच्या पायाला?”

“ते… मी ठरवलंच नाही.”

“मग त्यालाच विचार की.”

“थांब, आधी त्याला बोलता करते,” म्हणत भाचीने लॅपटॉप उघडला.

“सात नंबर!” आतून हाक आली.

“आठ नंबरला सोडा,” शिंपी म्हणाला, “मी थांबतो जरा.”